गियर पडेना: धायरीतल्या एका मोटरसायकलचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १५० सीसीची, ५ गियरची. पहिला खाली, बाकीचे चार वर. सात वर्षं वापरलेली, काटा ६१ हजारांवर. मालक २४ वर्षांचा मुलगा. मूळचा बार्शीकडचा, आमच्याच इमारतीत, धायरीत, आई आणि धाकट्या बहिणीबरोबर भाड्याने राहतो. घरोघरी पार्सल पोचवायचं काम करतो. सकाळी नऊला निघाला की धायरी, नऱ्हे, आंबेगाव, कात्रज असं फिरत रात्री आठ-साडेआठला परततो. दिवसाला ६०-७० किलोमीटर होतात आणि त्यातले बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, हाफ क्लचवर. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. गणपतीच्या आधीचा पंधरवडा होता, पार्सलं दुप्पट झाली होती.

त्याची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत, आणि हे सगळं त्याला विचारूनच लिहितो आहे.

मी मेकॅनिक नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात आधी टूलरूममध्ये आणि मग तपासणी विभागात नोकरी केली. तिथे दुचाकींच्या गियरबॉक्सचे गियर बनत. त्यामुळे गियरचा दात कसा असतो आणि कसा झिजतो हे मला माहीत आहे. गाडी उघडून जोडण्याचा रोजचा सराव मात्र नाही. निवृत्तीनंतर पार्किंगच्या कोपऱ्यात एक बाक, त्यावर व्हाइस आणि पान्यांची पेटी एवढं ठेवलं आहे. इमारतीतली मुलं येतात.

नेमकी अडचण

तो आला तो पावसात भिजून. "काका, गाडी न्यूट्रललाच येईना. सिग्नलला अख्खा वेळ क्लच दाबून बसतो, हात दुखायला लागलाय."

मी त्याला सगळं सावकाश सांगायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. चार तक्रारी होत्या. इंजिन चालू असताना उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही. क्लच पूर्ण दाबला तरी पहिल्या गियरमध्ये गाडी हळूहळू पुढे सरकते. थांबताना दुसऱ्यावरून पहिला घ्यायला लिव्हरवर अक्षरशः उभं राहावं लागतं. आणि चौथी, जी त्याला सगळ्यात घाबरवत होती: दुसऱ्यावरून तिसरा टाकताना मधेच इंजिन रिकामं ओरडतं, गाडीला ओढच नसते.

आदल्या आठवड्यात त्याने एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली होती. तिथे चौथी तक्रार ऐकल्याबरोबर सांगितलं गेलं की आतला शिफ्टर फोर्क, म्हणजे गियर बाजूला सरकवणारा चिमटा, गेलाय, इंजिन उघडावं लागेल, उघडलंच आहे तर क्लच प्लेटाही टाकून घ्या. अंदाज साडेआठ हजार आणि चार दिवस. हा अंदाज हवेतला नव्हता. फोर्क झिजला तर गियर असेच वागतात. पण तिथे कोणी गाडी चालवून पाहिली नव्हती, आणि मला राहून राहून खटकत होतं ते एवढंच.

मी त्याला विचारलं, "तिसरा पडतो आणि मग सुटतो, की मुळात पडतच नाही?"

त्याला फरक कळला नाही. खरं तर सगळं प्रकरण या एका फरकावर उभं होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

मोटरसायकलच्या गियरबॉक्समध्ये सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. गियर "पडतो" तेव्हा आतला एक गियर दांड्यावर बाजूला सरकतो आणि त्याच्या अंगावरचे जाड ठोकळ्यासारखे दात शेजारच्या गियरच्या खाचेत बसतात. या ठोकळ्यांना डॉग म्हणतात. त्यांच्या कडा सरळ नसतात. काही अंशांनी आत कापलेल्या असतात, म्हणजे जोर आला की दोन्ही गियर एकमेकांना आणखी घट्ट ओढून धरतात. कारखान्यात आम्ही हाच कोन प्रोजेक्टरवर मोठा करून तपासायचो. या कडा गोल झाल्या की उलटं होतं: गियर नीट पडतो, पण ॲक्सिलरेटर पिळल्यावर, जोर आल्याक्षणी, बाहेर फेकला जातो. हा गियरबॉक्सचा आजार, आणि त्याला इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही.

गियर जर पहिल्यापासून पडलाच नसेल, लिव्हर अर्ध्यावर राहिला असेल, तर कारण बाहेरही असू शकतं: लिव्हर, पाय, बूट, क्लच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय वर्कशॉपचा. त्यात काम नक्की झालं असतं, पण साडेआठ हजार अधिक ऐन हंगामातले चार दिवस. दुसरा, फक्त क्लच प्लेटा टाकायच्या. हा त्याच्या एका मित्राने सुचवला होता. मला तो पटला नाही, कारण प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो, म्हणजे इंजिनचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही. इथे तक्रार बरोबर उलटी होती. क्लच घसरत नव्हता, पूर्ण सुटत नव्हता.

तिसरा पर्याय, ऑइल बदलून पाहायचं. या गाड्यांचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे जुनं किंवा चुकीचं ऑइल गियरवर परिणाम करतंच. चौथा, आधी घरी तपासायचं आणि पैसे नंतर खर्चायचे. आम्ही चौथा निवडला, एका अटीवर. ऑइलमध्ये धातूचे तुकडे सापडले, जोर आल्यावर गियर सुटायला लागला, किंवा गियर लिव्हर दाबल्यावर आपोआप मध्यावर परत येईना, यातलं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही, गाडी सरळ वर्कशॉपला द्यायची. ही अट आधी ठरवली हे बरं झालं. काम हातात घेतल्यावर माणसाला थांबवत नाही.

पहिली संध्याकाळ

गाडी डबल स्टँडवर घेतली. इंजिन बंद, चावी खिशात. डाव्या हाताने गियर लिव्हर, उजव्या हाताने मागचं चाक हळूहळू फिरवत एकेक गियर टाकत गेलो. चाक फिरवणं जरुरीचं असतं. गाडी स्थिर असली की डॉग कधी कधी खाचेऐवजी दातावरच येऊन टेकतो आणि गियर पडत नाही; त्यात बिघाड काही नसतो. हात टायरवर ठेवायचा, चेनच्या आसपास बोटं न्यायची नाहीत, हे मी त्या मुलाला दोनदा सांगितलं.

पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. परत खाली. परत वर. प्रत्येक वेळी स्वच्छ "टक" आणि प्रत्येक वेळी लिव्हर आपणहून मध्यावर. हाताला तरी फोर्क, त्याला हलवणारा ड्रम आणि लिव्हर परत आणणारी स्प्रिंग धडधाकट लागले. ज्या तिसऱ्या गियरसाठी इंजिन उघडायचं होतं तो दहापैकी दहा वेळा पडला. न्यूट्रलही लगेच सापडलं.

मग इंजिन चालू केलं. क्लच दाबून पहिला टाकला. मागचं चाक फिरायला लागलं. थोडं फिरतंच, ऑइलच्या ओढीने. हलका ब्रेक लावला की ते थांबतं आणि इंजिनला जाणवतही नाही. इथे ब्रेक लावताच इंजिन दबलं, बंद पडायला आलं. म्हणजे क्लच दाबलेला असूनही इंजिन गियरबॉक्सला ओढत होतं. पहिल्या तीन तक्रारींचं कारण हेच. डॉगवर ओढ असेपर्यंत ते आत कापलेल्या कडांनी एकमेकांना धरून ठेवतात, मग न्यूट्रल कुठून येणार? इंजिन बंद केलं की ओढ जाते आणि तेच न्यूट्रल पटकन सापडतं.

क्लच लिव्हरचं टोक जवळजवळ ४० मिलिमीटर रिकामं हलत होतं, तेव्हा कुठे वायर ताणली जायची. या गाडीला १० ते १५ मिलिमीटर हवं. हँडलजवळचा ॲडजस्टर मी फिरवायला गेलो तर तो आधीच जवळजवळ संपूर्ण बाहेर आलेला. मुलगा म्हणाला, "गेल्या दोन आठवड्यात मीच तीन-चारदा फिरवलाय." उरलेले दोन-अडीच आटे मी घेतले, खेळ, म्हणजे हे रिकामं हलणं, १५ मिलिमीटरवर आणला, ॲडजस्टर जागेवर धरणारा चेकनट घट्ट केला. ब्रेकची चाचणी पुन्हा घेतली. इंजिन ढिम्म हललं नाही. तो गल्लीत एक चक्कर मारून आला आणि गेटपाशी थांबून न्यूट्रलचा हिरवा दिवा दाखवत हसला. "काका, लय फरक पडला."

साडेनऊ वाजले होते, पाऊस वाढला होता. आम्ही थांबलो.

हा पहिला निर्णायक क्षण, आणि तिथे माझी चूक झाली. ॲडजस्टर संपलेला आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन आठवड्यात तीन-चारदा फिरवावा लागला हे कानांनी ऐकलं होतं. मी मनाशी म्हटलं, वायर ताणली असेल. पोलादी वायर दोन आठवड्यात एवढी ताणली जात नाही. ती लांब होतेय याचा अर्थ तिची एकेक तार तुटतेय. क्लच लिव्हरच्या बुडाशी जे रबरी टोपण असतं ते मागे सारायला दहा सेकंद लागले असते. मी सारलं नाही.

चौथा दिवस

शनिवारी संध्याकाळी नवले पुलाजवळच्या सर्व्हिस रस्त्यावर तो गर्दीत उभा होता. क्लच दाबलेला, गियर पहिला. वायर तुटली. क्लच एकदम सुटला, गाडीने पुढे उडी घेतली, समोरच्या रिक्षाच्या बंपरला टेकली आणि बंद पडली. रिक्षावाल्याने आधी आवाज चढवला, मग लोंबणारी वायर पाहून स्वतःच गाडी कडेला घ्यायला मदत केली. कोणाला काही लागलं नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून त्या पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती अपघात झालेत हे पुण्यात राहणाऱ्याला माहीत आहे. चार मिनिटं आधी तो त्याच उतारावर होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडी ढकलत तो साडेनऊला घरी आला. आई जिन्यातच उभी होती. ती मला काही बोलली नाही, पण मीच खाली जाऊन सांगितलं की ताई, हे मला त्या दिवशीच दिसायला हवं होतं.

मग बाकावर दिवा घेऊन तुटलेलं टोक पाहिलं. वायरच्या टोकाला धातूचा गोल दाणा असतो, निपल. तो क्लच लिव्हरच्या भोकात बसतो. लिव्हर दाबताना हा दाणा भोकात फिरला पाहिजे. आमचा दाणा कोरडा पडून, पावसाचं पाणी आणि धूळ खाऊन जागेवर घट्ट धरलेला होता. तो फिरत नसल्यामुळे दर वेळी क्लच दाबला की वायरच त्याच्या बुडाशी वाकायची. दिवसातून शेकडो वेळा, त्याच जागी. तुटलेल्या तारांपैकी अर्ध्याअधिकांची टोकं काळी पडलेली होती, म्हणजे जुनी तुटलेली. चकचकीत टोकं फक्त सहा-सात. चार दिवस सगळा भार त्या सहा-सात तारांवर होता.

रविवारचं काम

सकाळी मी बसने नाना पेठेत गेलो. रविवारी सगळी दुकानं उघडी नसतात, पण ओळखीचा एक दुकानदार होता. जुनी वायर सोबत नेली होती, कारण एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांत वायरची लांबी वेगळी असू शकते. नवी जुन्याशेजारी धरून, बाहेरचं आवरण आणि आतली वायर दोन्ही मोजून घेतली. गियर लिव्हरचं रबरही घेतलं, झिजलेलं होतं म्हणून. तेव्हा मला कल्पना नव्हती की ते रबर पुरावा ठरणार आहे.

वायर बदलायची रीत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. ॲडजस्टर, चेकनट आणि लिव्हरचा ब्रॅकेट, तिन्हींना एक फट असते. त्या फटी एका रेषेत आणल्या की वायर बाहेर निघते. मग इंजिनजवळच्या आर्ममधून, म्हणजे वायर जिला ओढते त्या छोट्या दांडीतून, खालचं टोक सोडवायचं. जुनी ओढून काढण्याआधी ती टाकीखालून कुठून कुठून गेली आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि नवी त्याच वाटेने नेली. निपलला दोन्हीकडे बोटभर ग्रीस. दोन्ही ॲडजस्टर आधी आत घेऊन, मोठा फरक इंजिनजवळच्या ॲडजस्टरने आणि उरलेला बारीक हँडलजवळच्याने घालवला. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून लिव्हरचा खेळ पाहिला. हँडल वळवल्यावर खेळ बदलला तर वायर कुठेतरी अडकते आहे असं समजायचं. आमचा बदलला नाही.

इथे मी एक गोष्ट मात्र बरोबर केली. एका वेळी एकच बदल. वायर लावली आणि दुसरं काहीही न करता त्याला चक्कर मारायला पाठवलं. तो परत आला तो खूश. न्यूट्रल आलं, पहिला अलगद पडला, आणि दुसऱ्यावरून तिसराही एकदाही रिकामा गेला नाही. मी वहीत चौथ्या तक्रारीपुढेही खूण करणार होतो.

तेवढ्यात माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. पायात चप्पल होती.

"कामावर काय घालतोस?"

"पावसात ते गुडघ्यापर्यंतचे गमबूट."

मी म्हटलं, जा, ते घालून ये आणि पुन्हा चक्कर मार. चपलेवर मोटरसायकल चालवू नये हेही त्याला सांगितलं. पण त्या दिवशी त्या चपलेनेच आम्हाला वाट दाखवली. बूट घालून तो दोन गल्ल्या फिरून आला. पाच वेळा तिसरा टाकला, दोनदा रिकामा गेला.

आता मी त्याला डबल स्टँडवरच्या गाडीवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसून, डोळे लिव्हरच्या पातळीला आणून पाहिलं. बुटाचं जाड टोक लिव्हरखाली पूर्ण जात नव्हतं. लिव्हर आतल्या अंगाला दबलेला होता, इतका की बुटाची कड इंजिनच्या कव्हरला घासायची आणि रबरावर फक्त अंगठ्याइतका भाग टेकायचा. शिवाय लिव्हर नेहमीपेक्षा खाली होता. गमबूट घोट्यात वाकत नाही, त्यामुळे पाय तेवढा खाली झुकत नव्हता. तो लिव्हर वर उचलायला लागे आणि अर्ध्या वाटेत बूट गुळगुळीत रबरावरून सटकायचा. गियर अर्ध्यावर राहायचा. इंजिन रिकामं ओरडायचं.

"तू पडला होतास का कुठे?"

तो क्षणभर गप्प बसला. तीन आठवड्यांपूर्वी ओल्या पेव्हर ब्लॉकवर, जवळजवळ उभ्या उभ्याच, गाडी डाव्या अंगावर पडली होती. लिव्हर वाकला होता. रस्त्यावरच्या कोणीतरी तो काढून, दगडाने ठोकून सरळ केला आणि परत बसवून दिला. आईला कळू नये म्हणून त्याने घरी सांगितलं नव्हतं. मला तर मी विचारलंच नव्हतं.

दहाच्या पान्याने लिव्हरचा बोल्ट काढला. हा बोल्ट नुसता सैल करून लिव्हर निघत नाही. तो दांड्यावरच्या खाचेतून आडवा गेलेला असतो, पूर्ण बाहेर काढावा लागतो. न कळता लोक हातोडी मारतात, आणि तो दांडा थेट इंजिनमध्ये गेलेला असतो. त्यावर ठोकलं की ऑइल सील जातं किंवा दांडाच वाकतो. आधी मी लिव्हर आणि दांडा यांवर खडूने खूण केली. मग दांड्याचं टोक हाताने फिरवून पाहिलं, सीलभोवती ऑइल आहे का बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं, दांडा सरळ होता.

लिव्हर पोलादी होता, म्हणून व्हाइसमध्ये धरून पाइप घालून हळूहळू बाहेर काढता आला. ॲल्युमिनियमचा असता तर नवाच घ्यायला सांगितलं असतं, तो सरळ करताना तडकतो. बसवताना दांड्यावर एक दात वर बसवला, नवं रबर चढवलं, बोल्ट घट्ट केला. आता बूट कव्हरला न घासता लिव्हरखाली पूर्ण जात होता.

तो पुन्हा बूट घालून गेला. वीस वेळा तिसरा टाक, असं सांगितलं होतं. वीसही वेळा पडला.

त्यानंतर उरलेली कामं. चेन ५० मिलिमीटर लोंबत होती, ती ३० वर आणली. सैल चेनमुळे गियर टाकताना धक्का बसतो आणि माणूस त्याचा दोष गियरला देतो. ऑइल बदलून सहा हजार किलोमीटर झाले होते. इंजिन गरम करून ऑइल काढलं, पसरट डब्यात घेतलं आणि जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यातून फिरवलं. चुंबकावर राखाडी लेप आला, बोटांना मऊ, काजळासारखा. तो इतक्या किलोमीटरला येणारच. चकाकणारा कण किंवा कपचा एकही नाही. हे पाहून माझ्या जिवात जीव आला. नवं ऑइल घेताना डब्यावर जासो (हे जपानी मानक आहे) एमए किंवा एमए टू लिहिलेलं पाहून घ्यायचं. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं. त्यात घर्षण मुद्दाम कमी केलेलं असतं, आणि ते मोटरसायकलमध्ये टाकलं तर क्लच घसरू शकतो. अनेक घरांत एक स्कूटर आणि एक मोटरसायकल असते आणि डबा एकच आणला जातो, म्हणून हे सांगितलं. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजला दिलं. ते गटारात ओतलं की शेवटी मुठेतच जातं.

निष्पत्ती

वायर, ऑइल आणि लिव्हरचं रबर मिळून ७०० रुपयांच्या आसपास खर्च झाला. एक रविवार गेला. कामाचा एकही दिवस बुडाला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, आम्ही जुन्या कात्रज घाटात गेलो. चढावर चौथ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि इंजिनचा आवाज व वेग बरोबरीने चढतात का ते पाहायचं. बरोबर चढले, जळका वास नाही. म्हणजे प्लेटा अजून काम देताहेत. ६१ हजारांनंतर त्या कधी ना कधी बदलाव्या लागतीलच, तेव्हा वर्कशॉपलाच जायचं असं ठरलं आहे.

दोन महिन्यांत चार हजारावर किलोमीटर झाले. क्लचच्या खेळात दोन मिलिमीटरचा फरक पडला, तो एकदा काढला. सकाळी थंड गाडीला पहिला टाकताना "खट" असा आवाज अजून येतो. रात्रभर उभ्या गाडीत प्लेटा घट्ट ऑइलने एकमेकींना चिकटतात, त्याचा तो आवाज. सुरू करण्याआधी गियर टाकून, क्लच दाबून गाडी दोनदा मागेपुढे केली की कमी होतो. त्याला मी तो सोडून द्यायला सांगितलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या पाच मिनिटांत "गाडी पडली होती का" हे विचारायला हवं होतं. तेही चारचौघांत आणि आईसमोर नव्हे, एकटं गाठून. पडल्याचं कोणी सहज सांगत नाही, आणि इथे चौथ्या तक्रारीचं अख्खं उत्तर त्यात होतं.

दुसरं, मी दोन बिघाडांना एक समजलो. क्लच सुधारल्यावर चारपैकी तीन तक्रारी गेल्या आणि चौथीही गेली असेल असं आम्ही दोघांनी धरलं. पहिल्या संध्याकाळी तो चक्कर मारून आला तेव्हाही चप्पलच घालून होता. रोजच्या बुटात, रोजच्या रस्त्यावर चाचणी घेतली असती तर लिव्हर त्याच दिवशी सापडला असता.

तिसरं, ॲडजस्टर संपला असेल तर गाडी कामावर न्यायची नाही, असं मी स्पष्ट सांगायला हवं होतं. त्याचा एक दिवस बुडाला असता. ते चालवून घ्यायला हवं होतं.

वर्कशॉपबद्दल त्याच्या मनात राग होता. मी त्याला एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी "गियर खराब आहे" असं न सांगता आपण वहीत लिहिलं तसं सांग: इंजिन बंद असताना पडतो, चालू असताना नाही, पडून सुटत नाही, अर्ध्यावर राहतो. एवढं ऐकून कुठलाही जाणता मेकॅनिक आधी क्लच आणि लिव्हरकडेच बघेल.

आता त्याच्या गाडीत लावलेल्या वायरच्या बाजूने आणखी एक नवी क्लच वायर आवरणासकट बांधून ठेवलेली आहे, दोन्ही टोकं टेप लावून. एक तुटली तर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत दुसरी जोडता येते. पेटीत दहाचा पाना, पक्कड आणि ग्रीसची डबी आहे. दर रविवारी तो क्लच लिव्हरचं रबरी टोपण मागे सारतो, दाणा फिरतोय का बघतो, आणि मला खालून हाक मारून सांगतो.